गाव सुधारले, सातबारा पाहिला का?

मुंबईत राहणारा आपला माणूस गावी जाऊन आला की चाळीत, कामावर, मंडळाच्या बैठकीत त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "काय म्हणतोय गाव?" त्याचे उत्तरही ठरलेले असते, "गाव लय सुधारलंय." सुधारले म्हणजे वाडीपर्यंत डांबरी रस्ता गेला, घरोघरी वीज आली, कौले जाऊन स्लॅब पडले, विहाराला लाद्या बसल्या. हे सारे खरे आहे आणि आनंदाचेही आहे. परंतु मी पडलो कारकून. वहीची फक्त जमेची बाजू वाचून हिशेब मिटवायचा नाही, ही आमची शिकवण. यंदा आठ दिवसांची रजा टाकून मंडणगड तालुक्यातील माझ्या गावी राहून आलो. लग्नकार्य नव्हते, जयंती नव्हती, सुट्टीचा हंगामही नव्हता. त्यामुळे गाव रोज जसे असते तसे पाहायला मिळाले. जे पाहिले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो. मंडणगडच्या ठिकाणी आपापल्या गावाचे नाव घालून वाचावे, फारसा फरक पडणार नाही.

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. उत्तरेला सावित्रीची खाडी आणि खाडीपलीकडे रायगड जिल्हा. पश्चिमेला बाणकोट, वेळास आणि समुद्र. दक्षिणेला दापोली आणि खेड. आमचे आजोबा मुंबईला जायचे ते बोटीने. गाठोडे डोक्यावर घेऊन खाडीपर्यंत पायी चालायचे आणि तिथून बोट पकडायची. या खाडीला आपल्या चळवळीच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोटारवाल्यांनी दाद दिली नाही. म्हणून ही मंडळी 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराला उतरली आणि तिथून चालत महाडला गेली. समुद्रातून दासगावला जायचे तर बाणकोटच्या तोंडातून सावित्रीच्या खाडीत शिरावे लागते आणि म्हाप्रळवरून पुढे जावे लागते. म्हणजे मनुस्मृतीचे दहन करायला निघालेली ती बोट आमच्या तालुक्याच्या काठाकाठाने गेली आहे.

माझ्या लहानपणी बोटीचे दिवस सरले होते. रात्रीची लाल एसटी होती. पत्र्याची ट्रंक, पिठाची पिशवी, गाडी लागली तर चोखायला लिंबू, असा तो प्रवास. महामार्ग सोडून गाडी लोणेऱ्याहून गोरेगाव, आंबेत करीत खाडीवरचा पूल ओलांडायची आणि म्हाप्रळ आले की वडील आम्हाला हलवून उठवायचे. आता लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे आहे. १९८९ साली ते स्थापन झाले. आंबेतचा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होता, तेव्हा लोकांनी पुन्हा बोटीतून खाडी ओलांडली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्गावर सुरू झाली, पण आमच्या तालुक्यात तिचा एकही रूळ नाही. खेडला उतरून पुढे एसटीच गाठावी लागते. आता पुष्कळांकडे स्वतःच्या गाड्या आहेत. शुक्रवारी रात्री निघतात आणि रविवारी रात्री परत. पूर्वी प्रवास अवघड होता, म्हणून माणूस गेला की महिनाभर राहायचा. आता प्रवास सोपा झाला आणि मुक्काम दोन दिवसांवर आला.

मंडणगड शहर तर ओळखू येत नाही. स्टँड, तहसील कचेरी, चार दुकाने, चहाची दोन-तीन हॉटेले आणि वर डोंगरावर किल्ला, एवढेच मला आठवत होते. आता ग्रामपंचायत जाऊन २०१५ पासून नगरपंचायतीचा कारभार आहे. मजल्यांवर मजले चढले आहेत. बँका, दवाखाने, मोबाइलची दुकाने, शिकवणी वर्ग, सगळे दिसते. वडिलांच्या तरुणपणी आपल्या माणसाला हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर ठेवलेल्या कपात. स्वतः पिऊन स्वतः विसळून ठेवायचा. आज त्याच बाजारपेठेत आपला मुलगा सर्वांच्या बाकड्यावर बसून ऑर्डर देतो आणि कुणी वळून पाहत नाही. मनातले किती गेले हा प्रश्न वेगळा, पण बाकड्यावरचे गेले हे लहान काम नव्हे.

दुसरी मोठी गोष्ट न्यायालयाची. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी मंडणगडला दिवाणी व फौजदारी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, ते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते. बौद्ध समाजातून त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले ते पहिले सरन्यायाधीश. ज्या तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, त्याच तालुक्यात हे घडले. आंबडव्याला १२ फेब्रुवारी २०२२ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद येऊन अभिवादन करून गेले. आता मुंबई विद्यापीठाचे आदर्श महाविद्यालयही तिथे आहे. ज्या आडबाजूच्या गावातून सकपाळांचे घराणे पलटणीच्या नोकरीसाठी बाहेर पडले, तिथे राष्ट्रपती येतात, हे पाहून कुणाचीही छाती भरून येईल. माझीही आली. मात्र त्या न्यायालयापुढून जाताना मनात आले की इथे उद्या आपली माणसे येतील ती कशासाठी? वकील म्हणून, न्यायाधीश म्हणून आली तर बाबासाहेबांचे नाव राखले. जमिनीच्या दाव्यात भावाविरुद्ध भाऊ म्हणून उभी राहिली तर काय म्हणायचे? जमिनीचे हे बोलणे पुढे सविस्तर येईलच.

आता वाडीकडे वळू. आमच्या बौद्धवाडीत पूर्वी मातीच्या भिंती आणि कौलारू छपरे होती, काही घरे गवताने शाकारलेली. आज बहुतेक घरे चिऱ्याची आणि सिमेंटची. यातली कित्येक घरे २०२० नंतरची आहेत. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आमच्याकडचे लोक विसरणार नाहीत. वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि मंडणगड-दापोलीची कौले, पत्रे, आंब्या-फणसाची झाडे, विजेचे खांब, काही शिल्लक ठेवले नाही. किती दिवस तालुका अंधारात होता. मुंबईच्या मंडळांनी ताडपत्री, मेणबत्त्या, तांदूळ पाठवले. पुढे ज्यांना जमले त्यांनी हप्त्याहप्त्याने पैसे जमवून स्लॅब टाकले. म्हणजे ज्याला आपण सुधारणा म्हणतो त्यातली निम्मी वादळाने करून घेतलेली आहे.

त्याच वर्षी टाळेबंदी होती. मुंबईतली कामे थांबली आणि माणसे मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी, गावी परतली. शाळेत चौदा दिवस वेगळी ठेवली गेली. नंतरचे काही महिने वाडीतल्या प्रत्येक घरात चूल पेटली, अंगणात मुले खेळली, पडीक शेतात भात लागला. माझ्या आठवणीत सगळी दारे एकाच वेळी उघडी असलेले ते एकच वर्ष. कामे सुरू झाली आणि वाडी पुन्हा रिकामी झाली.

पाण्याचे पाहा. लहानपणी आमच्या वाडीची विहीर वेगळी होती, खाली वहाळाच्या कडेला. आई आणि काकी दोन-दोन हंडे घेऊन चढण चढायच्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह आमच्यापासून जवळच झाला, पण वाडीच्या चढणीवरचे हंडे उतरायला त्यानंतर साठ-सत्तर वर्षे जावी लागली. आता दारात नळ आहे. चालू वर्षाची पट्टी भरली की पाणी येते. परंतु एप्रिल लागला की नळ कोरडा पडतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी टँकरची वाट पाहायची वेळ येते. कारण जमीन उताराची, खाली जांभा. पडलेले पाणी काही तासांत पऱ्या-वहाळातून खाडीला मिळते. ते अडवायला बांध घालावे लागतात, आणि बांध घालायला गावात माणसे असावी लागतात.

गाव बघताना सगळीकडून मी इथेच येऊन थांबलो. माणसे कुठे आहेत?

आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप आहे. नव्या रंगाची, नव्या दरवाजांची घरे, आणि कडीला गंजलेले कुलूप. चुलत्यांच्या पडवीत बसलो असता शेजारची काकी आली. पहिला जय भीम झाला, चहा झाला. मग म्हणाली, "बाबू, लाईट आली, नळ आला, सगला आला. पर मागल्या म्हयन्यात मयत झाली, तवा खांदा द्याया बाजूच्या वाडीतली माणसा बोलवाय लागली." बौद्धाचार्यही दुसऱ्या गावातून आणावे लागले. त्यांच्याकडे तर पाच-सहा वाड्यांचे काम. काकीच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. झाले ते तिने सांगितले. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

ही आमच्या एका वाडीची गोष्ट नाही. सरकारी खानेसुमारीच बघा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. साऱ्या देशाची लोकसंख्या वाढत असताना आमच्या जिल्ह्याची दहा वर्षांत ८१ हजारांनी घटली. मंडणगड तालुक्यात तेव्हा सुमारे ६२ हजार माणसे मोजली गेली. एवढी वस्ती मुंबईच्या एका उपनगराच्या कोपऱ्यात मावते. आणखी एक आकडा बोलका आहे. १९९१ साली जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,२०५ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये त्या १,१२२ राहिल्या. पूर्वी पुरुष गिरणीत, गोदीत, पालिकेत नोकरीला आणि बाई मुलांना घेऊन गावी, अशी घराची वाटणी होती. बाईने शेत राखले, म्हातारे राखले, घराचा दिवा राखला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या गेल्या तसा गावाला मनीऑर्डरीचा आधारही गेला. मग एकट्याच्या पगारावर दोन चुली चालेनात. बायकामुले मुंबईला आली. मुंबई परवडेना म्हणून नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर. गाव एकदम रिकामे झाले नाही, एकेका कुटुंबाने झाले.

त्याचा पहिला फटका शाळेला बसला. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही पाटी-दप्तर घेऊन जायचो, तिथे बाकांना जागा पुरत नसे. यंदा गेलो तर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी मुले. इमारत सुंदर रंगवलेली, भिंतीवर पाढे आणि नकाशे, संगणक आहे, पोषण आहार आहे, शिक्षक मनापासून शिकवतात. फक्त मुले नाहीत. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती शासनाने २०२२ साली गोळा केली आणि २०२३ मध्ये अशा शाळा मिळून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आणली. शाळा दूर गेली तर गावात उरलेले शेवटचे तरुण जोडपेही मुलाला घेऊन निघून जाईल. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. तो शब्द आमच्या आजोबांना जिथे पहिल्यांदा मिळाला ती ही शाळा आहे.

दुसरा फटका शेताला. आमच्या लहानपणी चैत्रात कवळ तोडून भाजावळ व्हायची, पावसाच्या आधी राब तयार असायचे, वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकायची. आता ती वरकस म्हणजे जंगल. भात लावला तरी रानडुकरे आणि माकडे राहू देत नाहीत, आणि राखणीला माणूस नाही. मजुरी, बियाणे, खत यांचा खर्च धरला तर तांदूळ दुकानातून आणलेला स्वस्त पडतो. म्हणून पडीक टाकतात. मी कुणाला दोष देत नाही. पोट जिथे भरते तिथे माणूस जाणार. परंतु पडीक जमीन नुसती पडून राहत नाही. तिच्यावर दुसऱ्या कुणाची तरी नजर असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सागरी महामार्गाची चर्चा आहे. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला दर वर्षी लांबून माणसे येतात. गावकऱ्यांनी स्वतःच्या घरात त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करून त्यातून चार पैसे मिळवले, हे घेण्यासारखे उदाहरण आहे. तिथे गावकऱ्याने घर विकले नाही, घराचा उपयोग केला. पण बाकी ठिकाणी मोटारीतून दलाल फिरतात. गावात विचारतात, ही पडीक कुणाची? मग मुंबईत त्या घरातला एक भाऊ गाठतात. त्याला मुलीच्या लग्नाची, नाहीतर खोलीच्या डिपॉझिटची नड असते. हातात थोडी रक्कम देऊन साठेखत नाहीतर कुलमुखत्यारपत्र करून घेतात. बाकीच्या भावंडांना पत्ता नसतो. कळते तेव्हा आपल्या शेताला तारेचे कुंपण पडलेले असते आणि आत जायला फाटकावरच्या गुरख्याची परवानगी लागते.

ही जमीन आपल्याला कशी मिळाली ते विसरून चालणार नाही. कोकणात खोतीचा अंमल होता. पिकवायचे कुळाने, आणि अर्धेल-तिर्धेल मोजून न्यायचे खोताने, वर वेठ वेगळी. बाबासाहेबांनी १९२९ साली चिपळूणच्या परिषदेत या प्रश्नाला हात घातला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्यात आपले लोक होते तसे कुणबी बांधवही खांद्याला खांदा लावून होते. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. पुढे कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरून कसणारे कूळ मालक मानले गेले. १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन संपले. एवढ्या झगड्यानंतर कुणाच्या वाट्याला दहा गुंठे, कुणाच्या वाट्याला एकर-दीड एकर आली. कातळ का असेना, पण सातबाऱ्यावर आजोबांचे नाव लागले. आजोबांनी खोताच्या हातून सोडवलेली जमीन नातवाने दलालाच्या हाती द्यावी, यासारखी वाईट गोष्ट नाही. आणि बहुतेक वेळा नातू ती जाणूनबुजून देत नाही. कागदाकडे कुणी पाहिलेलेच नसते.

तलाठी कार्यालयात, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी कार्यालय म्हणतात, मी आमच्या वाडीचे उतारे बघितले. खात्यामागून खाते अशा माणसांच्या नावावर, ज्यांच्या पुण्यानुमोदनाला आम्ही लहानपणी पंगतीत बसलो होतो. मेलेली माणसे जमीनदार आणि जिवंत वारस कागदावर कुठेच नाहीत. म्हणून नोकरीच्या सवयीने चार गोष्टी लिहितो. कात्रण काढून ठेवावे.

पहिली गोष्ट, उतारा काढा. गावाचे नाव आणि गट नंबर ठाऊक असेल तर सातबारा आता मोबाइलवरही पाहता येतो, आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. गट नंबर ठाऊक नसेल तर आठ-अ चा उतारा काढा, त्यात त्या गावातले एका खात्याचे सारे गट कळतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून शेतांची नावे लिहून ठेवा. ती माणसे गेली की शेत दाखवायलाही कुणी उरत नाही.

दुसरी गोष्ट, वारस नोंद. खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत कळवावे असा नियम आहे. उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही, नोंद नंतरही होते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते, नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि रहिवासाचे पुरावे लागतात. अर्ज दिल्यावर फेरफाराची नोंद धरतात, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस देतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम राज्यभर काढली, ती याच कामासाठी. मोहिमेत ज्यांचे राहिले त्यांनी नेहमीच्या पद्धतीने अर्ज करावा. सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे हे खरे. पण ज्याचे नाव कागदावरच नाही, त्याला नोटीस तरी कुठल्या पत्त्यावर येणार?

तिसरी गोष्ट, बहिणींची. वारस लिहिताना बहिणींची नावे गाळायची आणि साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा, ही रीत आपल्यातही आहे. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांच्या घरात हे शोभत नाही. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाएवढाच झाला आहे. बहिणीचे नाव लागले की भाऊ एकट्याने जमीन विकू शकत नाही. म्हणजे बहिणीचे नाव हे जमिनीचे कुंपणच आहे. तिचा न्याय होतो आणि घराची जमीनही राहते.

चौथी गोष्ट, विक्रीची. वतनाची किंवा कुळकायद्याने मिळालेली जमीन पुष्कळदा 'भोगवटादार वर्ग दोन' असते. तिच्या विक्रीला शासनाच्या अटी असतात आणि अनेकदा आधी परवानगी लागते. दलाल म्हणतो, "तुम्ही सही करा, परवानगीचे आम्ही बघतो." अशा ठिकाणी सही करू नये. दुसरे असे की आपल्या राज्यात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. आपण शेवटचा तुकडा विकला तर आपल्या मुलांना उद्या पैसे असूनही शेतजमीन घेणे अवघड होईल. आणि घराखालच्या जागेचे काय? कित्येक वाड्यांतून घर आपले, घरपट्टी आपल्या नावावर, पण खालची जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर आहे. लाखो रुपयांचा स्लॅब टाकण्याआधी हे एकदा तपासावे.

विकूच नका असे मी म्हणत नाही. दवाखान्यासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी विकावे लागते, त्याला इलाज नाही. पण सर्व भावंडांनी एकत्र बसून, कागद वाचून, खरा भाव विचारून विकावे. एकाने अंधारात विकायचे आणि बाकीच्यांनी जन्मभर बोलायचे नाही, यात जमीन जाते आणि भाऊही जातो.

आता मंडळांसाठी दोन शब्द. प्रत्येक वाडीचे मुंबईत मंडळ आहे, वर्गणी आहे, वहीखाते आहे. त्या बळावर आपण विहार बांधले, स्पीकर घेतले, जयंत्या थाटात केल्या. ही आपली फार मोठी कमाई आहे. येत्या वर्षी त्याच मंडळाने आणखी एक काम अंगावर घ्यावे. वाडीतल्या प्रत्येक खात्याची यादी करावी. कुणाची वारस नोंद राहिली, कुणाची झाली, एवढाच तक्ता. कारकुनी येणारी दोन मुले प्रत्येक मंडळात सापडतील. मे महिन्यात सगळे गावी येतातच, तेव्हा विहाराचे दार उघडून दोन दिवस तिथेच टेबल मांडावे, अर्ज भरून द्यावेत. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांची नावे आणि औषधे यांचीही एक वही असावी. आळीपाळीने महिन्यातून एका कुटुंबाने तरी गावी जावे. मयतीला खांदा द्यायला बाजूच्या वाडीतून माणसे बोलवावी लागू नयेत, एवढे तरी आपण करू शकतो.

आमच्या वाडीने सुरुवात केली आहे. आठ दिवसांत काही अर्ज दिले, काही कागद अपुरे निघाले. मृत्यूचे दाखले मुंबईहून मिळवायचे आहेत, दोन बहिणींचे पत्ते शोधायचे आहेत. काम किचकट आहे, खेटे पडतात, पण होते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत यादी वाचली जाईल. आपापल्या वाडीची यादी कुठवर आली, ते या पानाच्या पत्त्यावर जरूर कळवावे.

जय भीम.